पाना पारखून घ्यावा

खंडेनवमीला आमच्या घरी देव्हाऱ्यासमोर पाट मांडतात आणि त्यावर घरातली हत्यारे ठेवून त्यांना हळदकुंकू आणि फूल वाहतात. आजोबांचा हमालीचा आकडा, आईची शिवणाची कात्री, आबांचे पाने आणि गेल्या दोन वर्षांपासून माझी कॉलेजची पुस्तके अशी ती मांडणी असते. मराठीच्या विद्यार्थिनीला यात एक गंमत दिसते. पुस्तकाचे ‘पान’ आणि मेकॅनिकचा ‘पाना’ या दोघांचे अनेकवचन एकच, ‘पाने’! पहिल्या प्रकारच्या पानांविषयी आपल्या वार्षिकांकात दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. मी दुसऱ्या प्रकारच्या पान्यांविषयी लिहिणार आहे, त्याबद्दल संपादक मंडळाने मला माफ करावे.

विषय वरवर दिसतो तितका हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारात एखादी जुनी, दुसऱ्या हाताची गाडी उभी असते. ती हौसेची नसते, पोटाची असते. तिची लहानसहान दुरुस्ती घरी झाली तर चार पैसे वाचतात. हे ओळखून रस्तोरस्ती ‘महासेल’चे फलक लागतात आणि निम्म्या किमतीत पान्यांच्या चकचकीत पेट्या विकल्या जातात. त्यातले काय घ्यावे आणि काय घेऊ नये, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी मेकॅनिक नाही. पण एक चूक स्वतःच्या पैशांनी केलेली आहे आणि एक संकट डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

प्रथम घरची थोडी ओळख. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. ते शिक्षण आमच्या घरात कॉलेजच्या पायरीपर्यंत पोचायला मात्र माझी पिढी उजाडली. आजोबा शाहू मार्केट यार्डात हमाल होते. आबा सातवीपर्यंत शिकले आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत अठरा वर्षे राबले. ती बंद पडल्यावर त्यांनी दुसऱ्या हाताची एक मारुती ओम्नी घेतली. आज त्या गाडीतून ते बेकरीचा माल करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या दुकानांना पोचवतात. मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आता रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी वयस्कच म्हणायची. वयस्क माणसासारखी तिची काही ना काही कुरबुर चालूच असते.

आता माझी चूक सांगते. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शिकवणीचे पैसे हातात आले. आबांना काहीतरी द्यावे म्हणून एका सेलमधून मी छेचाळीस नगांची पेटी घेतली. किंमत साडेचारशे रुपये. निळ्या खोक्यात ओळीने बसवलेल्या चकचकीत गोट्या (गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा तुकडा), एक रॅचेटचा दांडा आणि स्क्रू ड्रायव्हरची डझनावारी टोके. त्याच दुकानात दोनशे रुपयांचा एक मल्टिमीटर होता, तोही घेतला.

दोनच दिवसांनी संधी आली. गाडी सुरू केली की चीं-चीं आवाज यायचा आणि दिवे मंद दिसायचे. मल्टिमीटर लावून पाहिला. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना ते माप १४ च्या आसपास चढते. आमचे माप इंजिन चालू असतानाही १२.३ वरून हलेना. म्हणजे बॅटरी भरतच नव्हती. आवाजावरून आबांनी ओळखले की अल्टरनेटरचा पट्टा सैल झाला आहे. काम सोपे होते. एक बोल्ट ढिला करायचा, पट्टा ताणायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून, वाकून, आडजागेत हात घालावा लागतो. आबा त्यांचा जुना पाना शोधत होते. मी म्हटले, “आबा, नवीन पेटी आहे की.” त्यांनी बाराची गोटी चढवली आणि जोर दिला. कट्ट आवाज झाला. आबांची बोटे पत्र्यावर आपटली आणि बोल्ट होता तिथेच राहिला. दुसऱ्यांदा जोर दिला तेव्हा गोटी नुसतीच गरागरा फिरली. बोल्टचे सहाही कोपरे घासून गोल झाले होते आणि गोटी एका बाजूला उकलली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे माल निघायचा होता, तो बेकरीने दुसऱ्या गाडीतून पाठवला. मेकॅनिकला घरी बोलवावे लागले. त्याने छन्नी लावून बोल्ट फोडून काढला, नवा बसवला आणि जाता जाता पेटीकडे बघून म्हणाला, “ही पोरास्नी खेळायला द्या.” हिशेब केला तो असा. पेटीचे ४५० रुपये, मेकॅनिक आणि बोल्ट मिळून ३५०, आणि बुडालेली दिवसाची कमाई ६००. साडेचारशेची पेटी मला चौदाशे रुपयांना पडली.

आबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यामुळे ते जास्तच लागले. कसा काय एक पाना बोल्ट फिरवतो आणि दुसरा बोल्ट खातो, हे मी त्यानंतर आबांना विचारून आणि दुकाने हिंडून समजून घेतले.

पाना कशाने चांगला ठरतो?

लोखंड घडीव असते किंवा ओतीव असते. घडीव म्हणजे तापवून, दाबून, ठोकून आकार दिलेले. ओतीव म्हणजे वितळवून साच्यात ओतलेले. आबांचे आयुष्य ओतीव लोखंडात गेले, तरी तेच सांगतात, “ओतीव बिडाचं लोखंड दाबाला पैलवान हाय, पण ताणाला आणि पिळाला कच्चं.” पान्याचे काम तर पिळण्याचेच. म्हणून पाना घडीव पोलादाचा हवा. त्या पोलादात क्रोमियम आणि व्हॅनेडियम हे धातू थोड्या प्रमाणात मिसळतात आणि घडवल्यावर त्याला ‘पाणी’ देतात, म्हणजे ठरावीक उष्णतेला तापवून झटकन थंड करतात आणि मग पुन्हा बेताने तापवतात. त्यामुळे पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळ राहत नाही. हे पाणी नीट दिलेले नसेल तर पान्याचा जबडा फाकतो किंवा तडकतो. वरची चकाकी हा केवळ मुलामा असतो. तो गंजापासून वाचवतो, पण ताकदीचा पुरावा देत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. नटाला सहा कोपरे असतात. पाना घट्ट बसला तर जोर नटाच्या सपाट बाजूंवर पडतो. सैल बसला तर सगळा जोर कोपऱ्यांच्या टोकावर येतो आणि टोक झिजते. अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा फरक पुरतो. जुन्या बाजारात ९/१६ इंची पाना स्वस्तात मिळतो. त्याचे माप १४.२९ मिलिमीटर. चौदाच्या बोल्टवर तो बसतो, पण सैल बसतो. ढिल्या बोल्टवर चालून जाईल, गंजलेल्या बोल्टवर घात करील.

तिसरी गोष्ट पकडीची. एका बाजूने उघडा असतो तो फिक्स पाना. तो नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी कवेत घेतो. गोट्यांमध्येही आतून सहा कोनांची आणि बारा कोनांची असे दोन प्रकार आहेत. बारा कोनांची अडचणीच्या जागी पटकन चढते, पण सहा कोनांची गंजलेल्या नटाला अधिक सुरक्षित. माझ्या पेटीतली गोटी बारा कोनांची होती, मऊ होती आणि तिचा चौकोनी दांडा पाव इंची होता. असा दांडा छोट्या स्क्रूंसाठी असतो. गाडीच्या मोठ्या बोल्टांना अर्धा इंची दांडा लागतो. मुलाच्या खांद्यावर बापाचे ओझे दिले होते, दुसरे काय?

किती पाने लागतात?

पेटी घेताना आपण नग मोजतो आणि तिथेच फसतो. गाडीला छेचाळीस मापे लागतच नाहीत. इथे एक गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके युरोपीय पद्धतीत १३ चे असते, तर जपानी पद्धतीत १२ चे. दहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला युरोपीय पद्धतीत १६ किंवा १७ चे डोके, जपानी पद्धतीत १४ चे. मारुतीची गाडी मुळात जपानच्या सुझुकीची, म्हणून तिच्यात १०, १२, १४ आणि १७ हीच मापे पुन्हा पुन्हा भेटतात. ज्यांच्या घरी दुसऱ्या बनावटीची जीप किंवा टेंपो आहे त्यांना १३ आणि १९ अधिक लागतील.

आपल्याकडे रिंग पाने जोडमापात मिळतात. १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ आणि १८-१९ असे पाच पाने घेतले की बहुतेक घरगुती कामे भागतात. मला एकेक पाना दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात मिळाला. पाचही एकदम घ्यायची गरज नाही. मी दर महिन्याला एक घेतला. सुरुवात १०-११ ने केली, कारण बॅटरीच्या तारांचे नट बहुधा दहाचे असतात. (तार काढताना आधी वजा खुणेची काढावी. अधिकची आधी काढताना पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते.)

कुठे काटकसर करू नये

माझ्या मते सगळ्या हत्यारांना एकच प्रश्न विचारावा. हे ऐन वेळी मोडले तर काय होईल? ज्याच्या मोडण्याने बोल्ट, हात किंवा जीव जाईल ते चांगलेच घ्यावे. पाने पहिल्या दोहोंत मोडतात. तिसऱ्यात मोडतो जॅक.

यंदा पावसाळ्याआधी आबा गाडीखाली सायलेन्सर बघायला गेले होते. गाडी एका जुन्या तेलाच्या जॅकवर उचललेली होती. तो जॅक त्यांनी भंगारात तीनशे रुपयांना घेतला होता. असा जॅक आतल्या तेलाच्या दाबावर गाडी उचलतो, आणि तो दाब आतल्या एका लहानशा रबरी सीलवर अवलंबून असतो. ते सील झिजले होते. मी शेजारी बॅटरी धरून उभी होते. जॅकच्या बुडाशी तेलाचा थेंब दिसला, मग ओघळ. गाडी धाडकन पडली नाही. आवाज न करता ती बोट-बोट खाली येत होती, म्हणून आबांना आधी कळलेच नाही. मी ओरडले. पण गाडी थांबली ती माझ्या ओरडण्याने नव्हे. आबांनी सवयीने कडेला चौकटीखाली स्टेपनीचे चाक आडवे सरकवून ठेवले होते, त्यावर ती टेकली. आबांची छाती आणि गाडीचे पोट यांच्यात वीतभर जागा उरली होती.

आई त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः जाऊन दोन लोखंडी स्टँड घेऊन आले. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. जॅक चांगला असो वा वाईट, टेकूशिवाय गाडीखाली कोणीही जाऊ नये. टेकू म्हणून विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावू नयेत, ते न सांगता फुटतात. जमीन सपाट आणि टणक हवी, उरलेल्या चाकांना अटकाव हवा. स्टँड घेताना त्यावर किती टनांचा भार लिहिला आहे ते बघावे आणि जोडाचे वेल्डिंग नजरेखालून घालावे. हे महाग वाटत असेल तर गाडीखालची कामे गॅरेजलाच द्यावीत. ब्रेक आणि स्टिअरिंगची कामे तर आम्ही घरी करतच नाही. काय करू नये हे कळणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

कुठे स्वस्त चालते

स्वस्त म्हटले की टाकाऊ, असे मात्र मी म्हणणार नाही. तेल ओतायचे नरसाळे, तेल झेलायची पाटी, तारेचा ब्रश, लहान हातोडी, डोक्याला बांधायचा दिवा, नट ठेवायची चुंबकाची वाटी ही सगळी सेलमधून खुशाल घ्यावीत. मोडली तर दुसरी आणता येतात, नुकसान काही नाही. माझा दोनशे रुपयांचा मल्टिमीटर आजही बरोबर माप सांगतो. एकाच संध्याकाळी एकाच दुकानातल्या दोन स्वस्त वस्तूंपैकी एकीने रोग ओळखला आणि दुसरीने रोग्याला मारले! फक्त असा मल्टिमीटर गाडीच्या १२ व्होल्टांपुरताच वापरावा, घरातल्या विजेच्या खटक्यात घालू नये.

काही हत्यारे मात्र विकतच घेऊ नयेत. बेअरिंग ओढायचा पुलर किंवा ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क रेंच वर्षातून एकदा लागतो. तो ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा आणि पुसून परत करावा. पुसून परत केला तर दुसऱ्यांदा मिळतो.

दुकानात पारख कशी करावी?

मी पहिल्यांदा हत्यारांच्या दुकानात गेले तेव्हा मालकांनी विचारले, “ताई, कुणासाठी पाहिजे?” मी म्हटले, “माझ्याचसाठी.” मग त्यांनी काउंटरवर चार पाने मांडले आणि चांगले समजावूनही दिले. त्यांनी आणि आबांनी सांगितलेल्या खुणा अशा. पान्यावरचे नाव आणि माप धातूत उठवलेले असावे, नुसते छापलेले नको. दोन्ही तोंडे आतून स्वच्छ कापलेली असावीत, कडेला धातूची पापुद्र्यासारखी फुगवटी नको. दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खिशात आपल्या गाडीचा एक नवा बोल्ट घेऊन जावा आणि पाना तिथेच चढवून पाहावा. आबा म्हणतात, “पाना हललेला हाताला कळतंय. हात सांगतोय ते ऐक.”

आपल्या देशात हातहत्यारांचा मोठा धंदा पंजाबात जालंधर आणि लुधियाना येथे आहे आणि महाराष्ट्रात नाशिकची तापडिया कंपनी सर्वांना माहीत आहे. प्रसिद्ध नावाची नक्कलही होऊ शकते, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावे. जुन्या बाजारात पोत्यावर मांडलेले पाने सरसकट नाकारू नयेत. वीस वर्षे वापरलेला घडीव पाना नव्या बनावट पान्यापेक्षा केव्हाही बरा. मात्र जबडा फाकलेला, हातोडीचे घाव पडलेला किंवा कुठे तडा गेलेला घेऊ नये. माप इंचाचे की मिलिमीटरचे हेही वाचावे.

घेतलेले हत्यार जपण्याविषयी एकच आठवण सांगते. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी आमच्या घरात शिरले. पाणी ओसरल्यावर गाळातून दोन प्रकारचे पाने निघाले. जत्रेत घेतलेल्या पान्यांचा मुलामा सालीसारखा सोलवटला होता आणि आत भुसभुशीत गंज होता. आबांनी पहिल्या पगारातून घेतलेले चार घडीव पाने वरून तेवढे लाल झाले होते. डिझेलमध्ये भिजवून, घासून, तेलाचा हात दिला आणि ते पुन्हा कामाला लागले. मी तेव्हा लहान होते, नुसती बघत होते. ती पारख त्या वेळीच ध्यानात घेतली असती तर माझे चौदाशे रुपये वाचले असते.

आपल्यासारख्यांच्या घरी पैसा थोडा असतो, म्हणून स्वस्ताचा मोह मोठा असतो. पण थोडा पैसा एकदाच खर्च करता येतो. एकच वस्तू दोनदा विकत घेणे श्रीमंतांना परवडते, आपल्याला नाही. म्हणून एकदम पेटी नको, एकेक पाना घ्यावा, पण पारखून घ्यावा.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर माझे पाच रिंग पाने होते. ती निळी पेटी मी मुद्दाम कपाटात ठेवली होती. तिची स्क्रू ड्रायव्हरची टोके आईच्या मशीनला उपयोगी पडतात, एवढेच तिचे काम उरले आहे. आबांनी पूजेआधी पाट पाहिला आणि विचारले, “पेटी कुठं हाय?” मी म्हटले, “ती कशाला?”

“आण. तिनंच तुला शिकवलंय,” ते म्हणाले आणि त्यांनी तिलाही एक फूल वाहिले.